बेचाळीस रात्री, एक फाइल

दापोलीत राहणारी, दृष्टी अधू झालेली एक आजी डोळ्यांसमोर आणा. तिला ‘श्यामची आई’ पुन्हा एकदा ऐकायचं आहे, आणि तेही घरच्यांच्या आवाजात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलं आहे, त्यामुळे वाटणी सोपी होते. पहिल्या पंधरा रात्री पुण्याच्या लेकीने वाचायच्या, पुढच्या बारा मडगावच्या मुलाने, आणि उरलेल्या पंधरा न्यू जर्सीतल्या नातवंडांनी. महिनाभरात वाचन पुरं होतं. लेकीच्या लॅपटॉपवर बेचाळीस फाइली जमतात. प्रत्येकीला तिने नीट नाव दिलेलं असतं: पहिली रात्र, दुसरी रात्र, तिसरी रात्र. सगळ्या निवडून ती प्लेअरमध्ये टाकते, आणि सुरुवातच होते अकराव्या रात्रीने.

संगणक नावांचा अर्थ लावत नाही, अक्षरं लावतो. ‘अकरावी’चा अ सगळ्यांच्या आधी येतो आणि ‘दुसरी’चा द ‘पहिली’च्या प च्या आधी. शब्दांऐवजी आकडे वापरले, तरी १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ पार मागे पडतो. आकडे देवनागरीत असोत वा रोमनमध्ये, अडचण तीच. उपाय जुना आणि साधा आहे: ०१, ०२, ०३ असं दोन अंकी लिहायचं. ध्वनिफाइली जोडण्याच्या कामातला पहिला धडा असा नाव ठेवण्याचा आहे, आणि त्यात चूक झाली की पुढचं सगळं कौशल्य वाया जातं.

असं काम घरोघरी निघतं. देवळातलं दोन तासांचं कीर्तन रेकॉर्डरवर घेतलं, तर उत्तररंग रंगात आलेला असतानाच फाइल तुटलेली सापडते, कारण बरेच रेकॉर्डर २ जीबी भरले की आपोआप पुढची फाइल सुरू करतात. गेलेल्या माणसाचे व्हॉट्सअॅपवरचे आवाज एकत्र जपून ठेवायचे असतात. जुन्या कॅसेटच्या दोन्ही बाजू सलग ऐकायच्या असतात. यासाठी फुकट जोडून देणारी संकेतस्थळं आहेत, पण तिथे घरातला आवाज परक्या संगणकावर चढवावा लागतो, आणि फाइल मोठी असली की मर्यादा आडवी येते. ऑडॅसिटीसारखा मोफत संपादक चांगलाच आहे. दोन-चार फाइली असतील, एखादा खोकला कापायचा असेल, तर तोच वापरावा. पण बेचाळीस फाइली एकामागून एक ओढून लावताना हात दुखतो आणि डोळा चुकतो. तिथे कमांड लाइन, म्हणजे काळ्या खिडकीत टाइप केलेली एक ओळ, माणसाच्या जास्त उपयोगी पडते. ती ओळ जपून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, आणि एखादी रात्र पुन्हा वाचून घेतली तर तीच ओळ पुन्हा चालवता येते.

या ओळीचा पूर्वज म्हणजे कॅट ही आज्ञा. नाव कॉन्कॅटिनेट, म्हणजे साखळीसारखं जोडणं, या शब्दावरून आलेलं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या पुस्तिकेत ती आहे, आणि आज लिनक्स, मॅक, अगदी अँड्रॉइडच्या पोटातही आहे. तिचं काम एवढंच: पहिल्या फाइलचे सगळे बाइट ओता, त्यांच्यामागे दुसरीचे ओता. मजकुराच्या फाइलींना हे पुरतं. आवाजाच्या फाइलींना पुरत नाही, आणि का पुरत नाही हे कळलं की पुढचा सगळा विषय उलगडतो.

वेव्ह हा आवाजाचा सगळ्यात सरळ प्रकार घ्या. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी तो १९९१ साली आणला. साध्या वेव्ह फाइलच्या तोंडाशी ४४ बाइटांची एक पट्टी असते. तिची सुरुवात ‘रिफ’ या चार रोमन अक्षरांनी होते, मग पुढे किती बाइट आहेत तो आकडा, मग आवाज एका वाहिनीचा की दोन, सेकंदाला किती नमुने, प्रत्येक नमुना किती बिटांचा, आणि शेवटी प्रत्यक्ष आवाजाची लांबी. त्यानंतर आवाज. रेशनच्या पोत्यावर शिवलेल्या चिठ्ठीसारखी ही पट्टी आहे: आत काय आहे आणि किती आहे ते तिच्यावरून कळतं. आता अशा दोन फाइली कॅटने एकापुढे एक ओतल्या, तर डिस्कवर मोठी फाइल तयार होते खरी. पण प्लेअर पहिली चिठ्ठी वाचतो, तिच्यात लिहिलेला आकडा संपला की थांबतो. दुसरी रात्र फाइलमध्ये असते आणि ऐकू येत नाही. चिठ्ठीकडे दुर्लक्ष करणारा एखादा प्लेअर पुढे जातोही. मग मधली ती ४४ बाइटांची पट्टीच आवाज समजून वाजवली जाते आणि सांध्यावर ‘टक्’ होतं.

फोनच्या रेकॉर्डरमधून निघणाऱ्या एमफोरए फाइलींचंही तेच. त्यांच्यात आवाजाचे तुकडे कुठे-कुठे ठेवले आहेत याची एक सूची असते, आणि ती सूची फक्त आपल्याच फाइलपुरती बोलते. चिकटवलेल्या पुढच्या फाइलचा तिला पत्ता नसतो.

एमपी३ मात्र थोडी वेगळी आहे, आणि याच वेगळेपणामुळे अनेकांची फसगत होते. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या या पद्धतीत आवाज छोट्या-छोट्या चौकटींत बांधलेला असतो. एका चौकटीत ११५२ नमुने; सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. प्रत्येक चौकटीच्या कपाळावर तिची स्वतःची छोटी चिठ्ठी असते, त्यामुळे प्लेअर कुठूनही सुरुवात करू शकतो. म्हणूनच दोन एमपी३ नुसत्या ओतल्या तरी बहुतेक वेळा दोन्ही वाजतात, आणि माणसाला वाटतं काम झालं. खोट नंतर दिसते. पहिल्या चौकटीत बहुधा एकूण चौकटींची संख्या नोंदवलेली असते, ती पहिल्याच फाइलची राहते. मग तीन तासांच्या फाइलवर पंधरा मिनिटं असा वेळ दिसतो, आणि पट्टी पुढे सरकवली की भलत्याच जागी उडी जाते. शिवाय प्रत्येक फाइलच्या पुढे-मागे नाव, वाचक, वर्ष सांगणारे टॅग असतात. जुन्या पद्धतीचा टॅग तर नेमका १२८ बाइटांचा, शेवटाला चिकटलेला. ओतून जोडलेल्या फाइलमध्ये हे टॅग मध्येच अडकून बसतात.

विंडोजवर कॅटच्या जागी कॉपी ही आज्ञा चालते, दोन नावांमध्ये अधिकचं चिन्ह घालून. तिथे एक बारीकसा ‘/बी’ लिहावा लागतो. तो विसरला तर विंडोज या फाइलींना मजकूर समजतो, आणि मजकुराच्या जुन्या नियमाप्रमाणे २६ क्रमांकाचा बाइट दिसला की फाइल संपली असं मानून तिथेच तोडतो. आवाजाच्या फाइलीत तो बाइट कुठेही येऊ शकतो.

म्हणजे जोडायचं तर नुसते बाइट जोडून भागत नाही. जुन्या चिठ्ठ्या काढायच्या, आतला माल एकामागे एक लावायचा, आणि सगळ्याची मिळून एक नवी चिठ्ठी लिहायची. हेच काम करणारं, जगभर वापरलं जाणारं साधन म्हणजे एफएफएमपेग. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार याने ते २००० साली सुरू केलं. नावातले दोन एफ ‘फास्ट फॉरवर्ड’चे. ते मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे. लिनक्सवर ते एका आज्ञेत येतं, मॅकवर होमब्रूमधून, विंडोजवर विंगेटमधून. ज्याच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे त्याने टर्मक्स हे अॅप घेतलं तर फोनवरही ते चालतं. या गोष्टीचं महत्त्व मोठं आहे, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत फोन हाच एकमेव संगणक असतो.

मडगावच्या मुलाच्या बारा फाइलींपासून सुरुवात करू. त्या एकाच रेकॉर्डरवर, एकाच सेटिंगवर घेतलेल्या एमपी३ आहेत, म्हणजे सगळ्यात सोप्या. आधी एक साधी मजकुराची फाइल करायची, यादी. तिच्या प्रत्येक ओळीत रोमन अक्षरांत ‘फाइल’ हा शब्द आणि पुढे एकेरी अवतरणात नाव: फाइल ‘रात्र१६.एमपी३’, खाली फाइल ‘रात्र१७.एमपी३’, असं सत्ताविसाव्यापर्यंत. मग ओळ अशी, अर्थात रोमन अक्षरांत आणि मध्ये मोकळ्या जागा सोडून: एफएफएमपेग, मग -एफ कॉन्कॅट, -सेफ ०, -आय यादी.टीएक्सटी, -सी कॉपी, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘-एफ कॉन्कॅट’ सांगतं की पुढे येणारी यादी म्हणजे जोडायच्या फाइलींची यादी आहे. ‘-सी कॉपी’ हा या ओळीचा प्राण. त्याचा अर्थ आवाज उलगडून पुन्हा बांधू नकोस, आहे तसा उचलून ठेव. एमपी३ उलगडून पुन्हा एमपी३ केली की दर वेळी आवाजाचा काही अंश कायमचा जातो, झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा. ‘कॉपी’ने काहीच जात नाही, आणि वेळही वाचतो: तीन तासांचं वाचन जोडायला काही सेकंद लागतात, कारण काम फक्त वाचून लिहिण्याचं असतं.

‘-सेफ ०’ मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावं. हे साधन यादीतली नावं तपासतं. रोमन अक्षरं, आकडे, टिंब, जोडरेघ आणि अधोरेघ यांचीच नावं त्याला सुरक्षित वाटतात. देवनागरीत लिहिलेलं ‘रात्र’ त्याच्या लेखी असुरक्षित ठरतं, आणि काहीही न जोडता ते तक्रार करून थांबतं. नावात मोकळी जागा असली तरी तसंच. अनेक जण इथेच अडतात आणि आपली फाइल खराब आहे असं समजतात. फाइल ठणठणीत असते; तो एक शब्द आणि शून्य घातलं की देवनागरी नावं निमूट वाचली जातात. यादी मात्र साध्या यूटीएफ-८ मजकुरात जतन करावी.

मडगावच्या बारा रात्री अशा एका दमात जोडल्या जातात. आता उरलेल्या तीस.

इथे खरी परीक्षा लागते. लेकीने फोनवर वाचलं, तिच्या फाइली एमफोरए, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या. मुलाच्या एमपी३, ४४,१०० च्या, दोन वाहिन्यांच्या. नातवंडांनी व्हॉट्सअॅपवरच वाचून पाठवलं, म्हणजे ओपस या २०१२ साली प्रमाण झालेल्या पद्धतीतल्या फाइली, एका वाहिनीच्या. कुर्डुवाडी स्टेशन ज्यांनी जुन्या काळी पाहिलं आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल. तिथे ब्रॉडगेजची मुख्य लाइन आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज एकमेकींना भेटत. दोन्ही गाड्याच, दोन्हींना चाकं, पण हिचे डबे तिला लावता येत नसत. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे.

रूळ न पाहता डबे जोडले तर काय होतं, हे ऐकण्यासारखं आहे. ४८,००० नमुन्यांचा आवाज ४४,१०० च्या चिठ्ठीखाली वाजला की आठ टक्के संथ होतो. तासाभराचं वाचन ६५ मिनिटं १८ सेकंद चालतं, आणि सूर जवळपास दीड स्वरपट्टीने खाली येतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी दोनमध्ये लावलेला षड्ज पांढरी दोनच्याही खाली, काळी एकच्या जरा वर जाऊन बसतो. पेटीवर जिथे पट्टीच नाही अशी ती जागा. लेकीचा आवाज आजीला ओळखू येईल, पण ती आजारी आहे की काय असं वाटेल.

म्हणून इथे ‘कॉपी’चा मोह सोडावा. सगळा माल उतरवून एकाच मापाच्या डब्यांत भरावा: प्रत्येक फाइल वेव्हमध्ये उलगडायची, ४४,१०० नमुने, १६ बिट, एक वाहिनी. वाचनाला एक वाहिनी पुरते. कोणती फाइल मुळात कशी आहे हे एफएफएमपेगसोबत येणारं एफएफप्रोब सांगतं. मापं एकदा सारखी झाली की जोडणी बिनघोर.

मध्ये आकडेमोड करून पाहावी. एक रात्र सरासरी पंधरा मिनिटांची धरली तर बेचाळीस रात्रींचे साडेदहा तास होतात. सीडीच्या दर्जाचा दोन वाहिन्यांचा वेव्ह आवाज मिनिटाला साधारण १०.६ एमबी खातो, म्हणजे सगळं मिळून ६.६ जीबीच्या वर. आणि वेव्हच्या त्या चिठ्ठीत लांबीसाठी चारच बाइटांची जागा आहे, तिच्यात ४ जीबीच्या पुढचा आकडा मावत नाही. पावणेसात तासांनंतर चिठ्ठीच अपुरी पडते. एका वाहिनीत हेच वाचन ३.३ जीबीत बसतं. त्याहून मोठं काम असेल तर फ्लॅक वापरावं. २००१ पासून उपलब्ध असलेली ही पद्धत आवाज आकसते, पण त्यातलं काहीही टाकत नाही. शेवटी ऐकण्यासाठी ६४ केबीपीएसची एमपी३ केली की साडेदहा तास सुमारे ३०० एमबीत येतात.

वेव्ह फाइलींसाठी आणखी एक जुनं साधन प्रेमाने वापरलं जातं: सॉक्स, म्हणजे साउंड एक्सचेंज. लान्स नॉरस्कॉग याने १९९१ साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, पुढे ख्रिस बॅगवेलने वर्षानुवर्षं सांभाळलं. त्याची भाषा बोलण्याइतकी सरळ आहे. सॉक्स, पहिली फाइल, दुसरी फाइल, तिसरी फाइल, आणि सगळ्यात शेवटी नव्या फाइलचं नाव. यादी नको, काही नको. मापं जुळत नसतील तर ते जोडायला साफ नकार देतं, आणि हा नकार चांगला आहे, कारण एफएफएमपेगचं ‘कॉपी’ अशा वेळी गप्प राहून चुकीची फाइल हातात ठेवू शकतं.

पण या सरळपणात एक धोका आहे. शेवटचं नाव म्हणजे नवी फाइल, एवढंच सॉक्सला माहीत. कुणी घाईत ‘सॉक्स’ आणि पुढे ‘सगळ्या वेव्ह फाइली’ या अर्थाचं ताऱ्याचं चिन्ह टाकलं, नव्या फाइलचं नाव लिहायला विसरला, तर यादीतली शेवटची फाइल, म्हणजे बेचाळिसावी रात्र, हीच नवी फाइल समजली जाते आणि तिच्यावर बाकीच्या एकेचाळीस रात्री लिहिल्या जातात. सॉक्स विचारत नाही. एफएफएमपेग निदान हो-नाही विचारतं. सॉक्सच्या पुस्तिकेतच या अपघाताचा इशारा आहे, आणि ‘नो-क्लॉबर’ हा पर्याय वापरण्याचा सल्लाही. त्याहून बरं म्हणजे मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्य तर वेगळ्या डिस्कवर ठेवून कामाला बसावं. नातवाने पहाटे उठून वाचलेली रात्र पुन्हा तशीच वाचून मिळत नाही.

आता सांध्यांकडे. आकाशवाणीच्या स्टुडिओंत स्पूलची टेप होती तेव्हा जोडकाम ब्लेडने होई. पाव इंच रुंदीची टेप खाचेत बसवून तिरकी कापायची, टोकाला टोक लावून मागून चिकटपट्टी. काप तिरका का? सरळ कापला तर एक आवाज एका क्षणात तुटतो आणि दुसरा आदळतो, कानाला ठोका बसतो. पंचेचाळीस अंशांच्या कापात जुना आवाज विरत जातो आणि नवा उमटत जातो. सेकंदाला १९ सेंटिमीटर धावणाऱ्या टेपवर हा तिरका सांधा ओलांडायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. एवढ्याशा वेळात कान फसतो आणि सांधा लपतो. आजच्या साधनांत तोच तिरका काप आहे, फक्त नाव बदललं: एफएफएमपेगमध्ये अॅक्रॉसफेड, सॉक्समध्ये स्प्लाइस. किती वेळात एक आवाज दुसऱ्यात मिसळायचा तो आकडा द्यायचा.

वाचनात याची गरज क्वचित पडते, गाण्यात फार. एमपी३ बांधताना प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता शिरते, उलगडताना आणखी थोडी; प्रचलित लेम बांधणीत ही बेरीज ११०५ नमुन्यांची, म्हणजे २५ मिलिसेकंदांची होते. शेवटची चौकट पुरी भरावी म्हणून मागेही काही भर पडते. दोन रात्रींच्या मध्ये हा अवकाश कुणाला कळणार नाही. पण रेकॉर्डरने मध्येच तोडलेलं कीर्तन असेल, टाळ-मृदंगाचा ठेका चालू असेल, तर तेवढ्या खंडाने लय अडखळते आणि ऐकणाऱ्याचा हातातला ताल चुकतो. म्हणून गाण्याचे तुकडे एमपी३ झाल्यावर जोडू नयेत. वेव्हमध्ये जोडावेत आणि बांधणी एकदाच, अगदी शेवटी करावी.

दोन रात्रींच्या मध्ये मात्र थांबा हवाच. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. एक संपून लगेच दुसरी सुरू झाली तर ती रात्र, तो आश्रम, सगळं हरवतं. सॉक्सला सांगून दोन-तीन सेकंदांची शांतता तयार करता येते आणि प्रत्येक रात्रीनंतर ती जोडता येते. पण संगणकाने केलेली शांतता म्हणजे निव्वळ शून्य. खोलीत पंखा असतो, लांबून रिक्षा जाते, झाडं हलतात. हे सगळं वाचणाऱ्याच्या आवाजामागे सतत चालू असतं आणि शून्य आलं की एकदम बंद पडतं. फाइल बिघडली की काय असं वाटतं. ध्वनिमुद्रण करणारी माणसं म्हणून वाचन सुरू करण्याआधी त्याच खोलीत, त्याच माइकवर, काही न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवतात. ती खोलीची शांतता सांध्यात घालावी.

आवाजाची उंचीही एक करावी लागते. लेक माइकजवळ बसून वाचते, मुलगा लांबून, नातवंडं फोन तोंडाशी धरून. जशीच्या तशी जोडणी केली तर आजीला सारखं बटण फिरवावं लागेल. पूर्वी फक्त सर्वात मोठा ठोका मोजून पातळी ठरवत, आणि एखादं दार आपटलं की हिशेब चुके. २०१० साली युरोपीय प्रसारण संघाने आर-१२८ हा नियम आणला, त्यात माणसाच्या कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो ते मोजलं जातं, एलयूएफएस या मापात. एफएफएमपेगमधलं लाउडनॉर्म याच मापाने काम करतं. फोनवर ऐकण्याच्या वाचनासाठी उणे १६ च्या आसपासची पातळी रूढ आहे. हे साधन दोनदा चालवावं: पहिल्यांदा फक्त मोजायला, दुसऱ्यांदा ते आकडे देऊन पातळी लावायला. एका फेरीत उरकलं तर ते आतल्या आत सेकंदाला १,९२,००० नमुन्यांवर काम करतं आणि वेव्ह फाइलही त्याच मापाची, चौपटीहून मोठी, बाहेर काढतं. म्हणून ओळीत नव्या फाइलच्या नावाआधी ‘-एआर ४४१००’ हवंच.

फोनवर ऐकणाऱ्यासाठी आणखी एक सोय फार मोलाची आहे. सगळं वाचन एएसी पद्धतीने बांधून एमफोरबी या श्राव्यपुस्तकाच्या रूपात ठेवलं, की त्यात प्रकरणांच्या खुणा घालता येतात. त्यासाठी आणखी एक साधी मजकूरफाइल लागते. प्रत्येक रात्रीसाठी चार गोष्टी: काळ कोणत्या मापात, सुरुवात कुठे, शेवट कुठे, नाव काय. सेकंदाचा हजारावा भाग हे माप धरलं आणि पहिली रात्र थांब्यासकट नेमकी पंधरा मिनिटांची असली तर दुसरीची सुरुवात ९००००० या आकड्यावर. नावं देवनागरीत बिनदिक्कत लिहावीत. इथे साधन कुरकुर करत नाही. मग फाइल एक राहते, आणि पडद्यावर बेचाळीस रात्रींची यादी दिसते. कालची कुठे थांबली ते फोन लक्षात ठेवतो.

हक्काचा प्रश्नही आधीच पाहून घ्यावा. साने गुरुजी १९५० साली गेले. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे २०११ च्या सुरुवातीपासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. घरचं वाचन जोडून भारतात कुणालाही देता येतं. दुसऱ्या कुणी वाचून प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा असतो. ते जोडून वाटण्याची मुभा पुस्तक खुलं झाल्याने मिळत नाही.

राहता राहिली दापोलीची आजी: ती ऐकणार रेडिओवर. पेनड्राइव्ह लावून एमपी३ वाजवणारे स्वस्त रेडिओ गावोगाव दिसतात, आणि अधू दृष्टीच्या माणसाला फोनच्या पडद्यापेक्षा त्यांची उंच, हाताला लागणारी बटणं बरी. पण यांतले बरेच रेडिओ बंद केल्यावर कुठे थांबलो ते विसरतात. त्यावर साडेदहा तासांची एकच फाइल दिली, तर आजीला रोज पहिल्या रात्रीपासून सुरुवात करावी लागेल. तिथे सगळं एक करणं ही चूकच ठरेल. त्याच वेव्ह फाइलींची सहा भागांत जोडणी करावी, एकेका भागात सात रात्री. यादीच्या सहा छोट्या फाइली, आणि ओळ तीच, फक्त ‘-सी कॉपी’ गाळून, सहा वेळा. रोजची एक रात्र हवी असेल तर जोडूच नयेत; फक्त ०१ ते ४२ अशी नावं द्यावीत आणि पातळी सारखी करावी.

फोनसाठीची मोठी फाइल तयार झाली की दोन तपासण्या उरतात. एफएफप्रोबने एकूण वेळ पाहायचा आणि बेचाळीस फाइलींच्या वेळांच्या बेरजेशी, मधले थांबे धरून, ताडून पाहायचा. आकडा कमी आला तर कुठली तरी रात्र गळाली. त्यानंतर ऐकायचं. साडेदहा तास ऐकण्याची गरज नाही. बेचाळीस रात्रींचे सांधे एकेचाळीस. प्रत्येक सांध्याच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच सेकंद एफएफएमपेगसोबतच येणाऱ्या एफएफप्लेने वाजवले, तर सात मिनिटांच्या आत सगळे सांधे कानाखालून जातात. पंधराव्या आणि सोळाव्या रात्रीमधला सांधा जरा जास्त लक्ष देऊन ऐकावा, आणि सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्यामधलाही. तिथे पुण्याचा आवाज संपून मडगावचा सुरू होतो, आणि मडगावचा संपून न्यू जर्सीचा.